माळ लावण्याआधी एक हाक



गेल्या रविवारी दुपारी मी निर्वाण लाडवासाठी बुंदी घरी पाडायची की बाहेरून आणायची याचा विचार करत बसले होते. तेवढ्यात नातू कागद घेऊन आला. नऊ वर्षांचा आहे. कागदावर फटाक्यांची यादी होती. भुईनळे, भुईचक्रं, बाण, सुतळी बॉम्ब आणि शेवटी ठळक अक्षरांत हजाराची माळ. मुलगा म्हणाला, "आई, वर्षातून एकदाच तर असतं." सून काही बोलली नाही, पण तिनं माझ्याकडे बघितलं. आमच्या खालच्या मजल्यावर तेरा वर्षांचा म्हातारा लॅब्रेडॉर आहे आणि समोरच्या घरी दोन महिन्यांचं बाळ. सुनेला तेच सुचवायचं होतं.

मी नातवाला जवळ बसवलं आणि मोत्याची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते. घरात ती गोष्ट आजवर कुणी मोठ्यानं काढलेली नव्हती.

तेव्हा आम्ही सांगलीला पेठेत राहत होतो. खाली हळदीच्या अडतीचं दुकान, वर घर. गल्ली फार तर बारा फुटांची. समोरच्या घरात एक मावशी एकट्या राहायच्या. त्यांच्या पायरीशी मोत्या बांधलेला असायचा. गावठीच कुत्रा, पांढरा, एका कानावर काळा ठिपका. आमच्या दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांवर तो कधी भुंकला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात वहीपूजन झालं. मामंजींनी नव्या वहीवर स्वस्तिक काढलं, श्री लिहिलं, पेढे वाटले आणि रिवाजाप्रमाणे दारात हजाराची माळ लावली. हे दर वर्षीचंच होतं. त्या वर्षी मावशी मोत्याला आत घ्यायच्या विसरल्या, की आमची पूजा जरा लवकर आटोपली, मला आता आठवत नाही. माळ संपली, धूर विरला तेव्हा पायरीवर तुटलेली दोरी होती. मोत्या कृष्णेच्या घाटाकडे पळाला असं कुणीतरी म्हणालं. भाऊबीजेपर्यंत गल्लीतली मुलं शोधत होती. तो सापडला नाही.

पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी ताट घेतलं, रिकामं परत द्यायचं नाही म्हणून त्यात मूठभर साखर घातली आणि एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, एक हाक मारली असतीत तर आत घेतला असता गं मी त्याला."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या घरात पाणी गाळून प्यायचं, चातुर्मासात पालेभाजी नाही, संध्याकाळ व्हायच्या आत जेवणं आटोपायची. मुंगीवर पाय पडला तरी आत्याबाई हळहळायच्या. आणि समोरच्या पायरीवरचा जीव आम्हाला दिसला नाही. दरवर्षी पर्युषण संपल्यावर क्षमावाणीला आम्ही सगळ्या जीवांची क्षमा मागतो. दिवाळी त्यानंतर जेमतेम दीड महिन्यावर असते.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न होता. दिव्यांच्या या सणात हा आवाज आला कधी आणि आमच्या दारात आला कसा? पुढे मुलं मोठी झाली, हातात वेळ आला, तेव्हा वाचनालयात बसून जमेल तसं वाचत गेले.

आपल्यासाठी हा दिवस भगवान महावीरांच्या निर्वाणाचा. परंपरेनं तो इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये पावापुरीला झाला, आणि आपला वीर निर्वाण संवत तिथूनच मोजतात. श्वेतांबर परंपरेतल्या कल्पसूत्रात सांगितलं आहे की ज्ञानाचा दिवा गेला म्हणून अठरा गणराजांनी साधे दिवे लावले. आपल्या दिगंबर परंपरेत आचार्य जिनसेनांचं हरिवंशपुराण आहे, शके ७०५ चं, म्हणजे इ. स. ७८३ चं. त्यातही त्या रात्री पावानगरी दिव्यांनी उजळल्याचं आणि तेव्हापासून लोक दरवर्षी हा उत्सव करू लागल्याचं वर्णन आहे. पुढे इ. स. ९५९ मध्ये सोमदेवसूरींनी यशस्तिलकचंपू लिहिला. त्यातल्या दीपोत्सवात चुन्यानं पांढरी केलेली घरं आहेत, गाणं-बजावणं आहे, गच्च्यांवरचे दिवे आहेत. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीनं आपल्याकडच्या सणांची माहिती लिहून ठेवली. त्यात स्नान, नवे कपडे, विडा-सुपारी, दानधर्म आणि रात्री जागोजागी असंख्य दिवे आहेत. यात कुठेही धमाका नाही.

असणार तरी कसा? भारतातल्या आतषबाजीचा इतिहास पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी शोधून काढला. त्यांचं छोटं पुस्तक १९५३ साली इंग्रजीत निघालं. त्यांच्या मते शोभेची दारू आपल्याकडे साधारण १४०० नंतर आली. इ. स. १४४३ मध्ये अब्दुर रझाक हा इराणकडचा वकील विजयनगरला आला होता. महानवमीच्या उत्सवात राजापुढे झालेल्या दारूकामाचं त्यानं कौतुक केलं आहे. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात रुक्मिणीस्वयंवर लिहिलं, त्यातल्या लग्नसोहळ्यातही दारूकाम येतं. म्हणजे सुरुवातीला दारूकाम राजाच्या उत्सवात आणि मोठ्या लग्नात होतं. ते करणारे कारागीर वेगळे, बघणारे वेगळे.

मला सगळ्यात आवडला तो पेशव्यांच्या बखरीतला प्रसंग. महादजी शिंदे १७९२ साली पुण्यात आले. त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. चार दिवस दिवाळी, लाखो दिवे आणि शहराबाहेर राजाकडून आतषबाजी. तिला दारूखान्याची लंका म्हणत. दारूचा रावण, दारूचे राक्षस, दारूचा मारुती. मारुतीची शेपटी पेटवली की तो लंकेच्या घरांवर उड्या मारायचा आणि घरं पेटत जायची. तरुण पेशव्यांनी हट्ट धरला, तशी लंका आम्हालाही दाखवा. मग पर्वतीच्या परिसरात ती उभी राहिली आणि सारं पुणं बघायला लोटलं.

बखरीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. पहिली, ही लंका कोट्यात शहराबाहेर होती आणि पुण्यात पर्वतीकडे, म्हणजे तेव्हाच्या वस्तीपासून लांब. दुसरी, तिची तयारी आधीपासून चालायची आणि सगळ्या गावाला खबर असायची. ज्याला बघायचं तो चालत जाणार. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, गोठ्यात नुकती व्यायलेली गाय आहे, तो घरी राहणार. आमच्या सांगलीकडे तासगाव तालुक्यात कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे मोठी आतषबाजी होते. तिथे आवाज आणि धोका कमी असतो असं मी म्हणणार नाही. पण रात्र ठरलेली आहे, वाट ठरलेली आहे आणि ती लहानथोरांना ठाऊक असते. अचानक कुणाच्या दारात काही होत नाही.

मग ते आपल्या दारात कधी आलं? याचं उत्तर मला पुस्तकात थोडं आणि आमच्या माळ्यावर जास्त सापडलं. तमिळनाडूत शिवकाशीला १९२० च्या दशकात आगपेट्यांचा धंदा सुरू झाला. १९४० च्या सुमारास तिथे परवाना घेऊन फटाक्यांचे कारखाने निघाले आणि स्वातंत्र्यानंतर त्यांचा माल गावोगावच्या दुकानांत पोचला. जे काम करायला कारागीर बोलवावा लागे ते खोक्यात भरून चार आण्याला मिळू लागलं.

मामंजी गेल्यावर दुकानाच्या जुन्या कीर्द-खतावण्या लावायचं काम माझ्याकडे आलं. बी. कॉम. झालेली सून म्हणून. चाळीसच्या दशकातल्या वह्यांत दिवाळीच्या पानावर गोडेतेल, वाती, पणत्या, हळदकुंकू, पेढे आणि बस्तीला दिलेलं तेल एवढंच आहे. फटाक्यांची पहिली नोंद मला १९५४ सालच्या वहीत दिसली, दोन रुपये चार आणे. शुभ खर्चात घातली आहे. पुढच्या प्रत्येक वर्षी ती आहे आणि दरवर्षी वाढत गेली आहे. म्हणजे आमच्या घराण्याचा रिवाज म्हणून आम्ही ज्याला मान देत होतो तो माझ्यापेक्षा थोडाच मोठा निघाला. मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसले. मोत्याच्या वर्षीचीही नोंद होती, माळेच्या किमतीची. बाकीचा खर्च मावशींच्या खात्यावर पडला होता, तो आमच्या वहीत कशाला येईल?

मैदानावरचा खेळ बारा फुटांच्या गल्लीत आला. मैदानात असताना अंतर आणि खबर या दोन गोष्टी आपोआप सांभाळल्या जात होत्या. गल्लीत अंतर ठेवणं शक्य नाही. निदान खबर तरी द्यायला हवी होती, ती आपण विसरलो. मावशी तेवढंच तर म्हणाल्या होत्या.

पुढे कायद्यालाही अंतर मोजावं लागलं. १९९९ साली केंद्र सरकारनं नियम केला की फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही, वापरायचा नाही. चार मीटर म्हणजे तेरा फूट. आमच्या दुकानाच्या पायरीपासून मावशींची पायरी त्याहून जवळ होती. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजी फटाक्यांना मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ सांगितली, लांब माळांवर बंदी घातली आणि कमी प्रदूषणाचे फटाकेच विकायला सांगितले. त्या हिरव्या फटाक्यांच्या संशोधनात आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेचा मोठा वाटा आहे. धूर कमी झाला ही चांगलीच गोष्ट. पण हिरवा असला तरी फटाका वाजतोच आणि खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला त्याचा रंग कळत नाही.

आवाज जनावराला किती लागतो? माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासचा, मांजराला त्याहूनही वरचा. आपण पाठशाळेत इंद्रियांचा क्रम पाठ केला होता, आठवा. स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू आणि शेवटी कर्ण. मुंगीला तीन इंद्रियं, माशी-भुंग्याला चार. कान मिळाला की जीव पंचेंद्रिय झाला. म्हणजे ज्या इंद्रियानं कुत्रा-मांजर, गाय-म्हैस, चिमणी-पारवा आपल्या पंक्तीला येऊन बसतात, नेमकं त्यावरच फटाक्याचा घाव पडतो. इतकी वर्षं हा क्रम मी म्हणत आले. त्याचा दिवाळीशी संबंध आहे हे मोत्यानं शिकवलं.

आपल्या श्रावकाचारात अनर्थदंडाचं व्रत आहे, विनाकारण होणारी हिंसा टाळण्याचं. संसारात आरंभ-समारंभाची हिंसा कुणाला चुकली आहे? चूल पेटवावी लागते, शेत नांगरावं लागतं. पण ज्यात कुणाचं पोट भरत नाही की घर चालत नाही, ती तरी टाळावी. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडात या अनर्थदंडाचे प्रकार सांगितले. त्यात हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं हाही एक प्रकार आहे. नातवाच्या हातात उदबत्ती आणि सुतळी बॉम्ब देताना मला तो आठवतो.

मुक्या जीवांसाठी आपल्या लोकांनी पूर्वी किती केलं तेही सांगायला हवं. मुंबईत इंग्रज सरकार मोकाट कुत्री मारायचं. जून १८३२ मध्ये त्यावरून शहरात मोठा दंगा झाला. पारशी पुढे होते, त्यांच्या बरोबरीनं हिंदू आणि जैन होते, बाजार बंद पडला. दंगा हा काही अहिंसेचा मार्ग नव्हे, ते मी योग्य म्हणत नाही. पण त्यातून चांगलं निघालं. १८३४ मध्ये पारशी शेठ जमशेटजी जीजीभॉय आणि जैन व्यापारी यांनी मिळून भुलेश्वरला पांजरपोळ काढली. ज्या कुत्र्यांना मालक नव्हता त्यांच्यासाठी आपल्या व्यापाऱ्यांनी तिजोरी उघडली. आपण आजही जीवदयेच्या पेटीत पैसे टाकतो. मात्र पांजरपोळ गावात असते आणि शेजारचा कुत्रा दाराशी, म्हणून एक जीव दिसतो आणि दुसरा राहून जातो.

मला विचाराल तर निर्वाणाच्या दिवशी फटाके नकोतच. पहाटे बस्तीत लाडू चढवावा, संध्याकाळी गौतम गणधरांच्या केवलज्ञानाचे दिवे लावावेत, झालं. पण घर माझ्या एकटीचं नाही. तुमच्यापैकी अनेकींचंही नसेल. मुलं शाळेतून ऐकून येतात, जावई हौसेनं घेऊन येतात. तेव्हा ज्या घरी फटाके येणारच आहेत, त्या घरच्या बाईनं काय करावं ते माझ्या अनुभवावरून सांगते.

दोन दिवस आधी शेजारी जाऊन सांगा. व्हॉट्सअॅपच्या गटात टाकून मोकळं होऊ नका, कुत्रा पाळणारे आजोबा गट बघतीलच असं नाही. वेळ सांगा आणि ती पाळा. साडेआठ सांगितलं तर सव्वाआठला वात पेटवू नका, कारण त्या हिशोबानं त्यांनी कुत्र्याला फिरवून आत घेतलेलं असतं. जिना, पार्किंग आणि चौक सोडून मोकळ्या जागी जा. बंद जागेत आवाज घुमतो आणि पार्किंगमध्ये गाड्यांखाली मांजरं लपलेली असतात. झाडाखाली बाण लावू नका. रात्री बसलेले पक्षी घाबरून उडतात आणि अंधारात आपटतात. शेपटीला माळ बांधण्याचा पोरखेळ कुठे दिसला तर तिथेच थांबवा, तो कायद्यानंही गुन्हा आहे. झाल्यावर कागद, तारा आणि जळक्या काड्या त्याच रात्री झाडून घ्या. गाय तोंड घालते, कुत्र्याच्या पंजात तार शिरते.

तुमच्याकडेच प्राणी असेल तर संध्याकाळ व्हायच्या आत त्याला फिरवून, खायला घालून आतल्या खोलीत घ्या. खिडक्या-पडदे लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा, पाणी जवळ ठेवा. पलंगाखाली लपला तर ओढून काढू नका. गच्चीत किंवा पायरीवर बांधून तर मुळीच ठेवू नका. गळपट्ट्यावर फोन नंबर असू द्या. फारच घाबरणारा असेल तर आधीच जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं गोळी देऊ नका.

नातवानं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, आपण विचारायला गेलो आणि ते नाही म्हणाले तर?"

मी म्हणाले, "मग नाही."

मुलगा हसला, पण बोलला नाही. मला वाटतं खरी कसोटी इथेच आहे. आम्ही माळ लावणार आहोत असं सांगणं सोपं. लावू का असं विचारणं अवघड, कारण समोरच्याच्या उत्तराला आपण बांधले जातो.

संध्याकाळी तो यादी घेऊन खाली गेला. मी जिन्यात थांबले. लॅब्रेडॉरवाल्या आजोबांनी चष्मा लावून यादी नीट वाचली. म्हणाले, "भुईनळे, भुईचक्रं लाव बाळा, मीही बघायला येतो. पण माळ आणि बॉम्ब नको रे. मागच्या वर्षी हा दोन दिवस जेवला नव्हता." समोरच्या घरी बाळाच्या आईनं तेच सांगितलं आणि बाणांवरही काट मारली. नातू वर आला तेव्हा हिरमुसला होता. त्यानं शिसपेन्सिलीनं तीन ओळी खोडल्या आणि जेवताना कुणाशी बोलला नाही. त्याला राग आला होता आणि तो येणारच. मी समजूत घातली नाही.

झोपायच्या आधी मात्र त्यानं विचारलं, "आजी, मोत्याच्या मावशींची तू क्षमा मागितलीस का?"

मागितली होती. पुढच्या क्षमावाणीला त्यांच्या पायरीवर जाऊन. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. त्यानंतर त्यांनी दुसरा कुत्रा पाळला नाही.

आपणा सर्वांना वीर निर्वाणाच्या शुभेच्छा. लिहिण्यात काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.